पीसी असेंबल करताय? पार्ट एकमेकांशी जुळायला हवेतच, पण बोईसर-तारापूरच्या हवेशीही जुळायला हवेत!

पामला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने दीड वर्ष पैसे साठवले. दिवसा एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी, रात्री लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. जुना लॅपटॉप फोर-के व्हिडिओ उघडला की विमानासारखा आवाज करायचा, त्यामुळे ठरलं की पीसी असेंबल करायचा. बजेट ५५ हजार.

एका शनिवारी सकाळची लोकल पकडून गडी लॅमिंग्टन रोडला गेला. दिवसभर फिरला, भाव केला, चार दुकानांतून पार्ट घेतले आणि रात्री पिशव्या सांभाळत घरी आला. साडेअकराला मला फोन. "ताई, रॅम बसतच नाहीये. जोर लावू का?"

जोर लावू नकोस म्हटलं, फोटो पाठव. फोटो आला आणि डोक्याला हात लावला. मदरबोर्ड डीडीआर४ चा आणि रॅम डीडीआर५ ची. बॉक्स उघडला होता, दुकानदार परत घेईना. पुन्हा लोकल, पुन्हा एक खाडा आणि रॅम बदलताना वरून झालेलं नुकसान वेगळं.

बरं, गोष्ट इथे संपली नाही. पीसी सुरू झाला, सहा महिने मस्त चालला. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, रात्री लाईट तीन-चार वेळा गेली आणि आली. चौथ्या वेळी आली तेव्हा पीसी आला नाही. स्वस्तातला एसएमपीएस जाताना मदरबोर्डला सोबत घेऊन गेला. वॉरंटीत उत्तर मिळालं की जळालेला पार्ट बदलून मिळत नाही.

या दोन फटक्यांत पीसी असेंबल करण्याचं सगळं शास्त्र आलं. पहिला फटका पार्ट एकमेकांशी न जुळल्याचा. दुसरा फटका पीसी आपल्या भागाशी न जुळल्याचा. यूट्यूबवर पहिल्याबद्दल शेकडो व्हिडिओ आहेत. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ते व्हिडिओ बनवणारे तारापूर एमआयडीसीच्या शेजारी राहत नाहीत. तेव्हा आज दोन्ही विषय नीट समजून घेऊया.

जुळणं म्हणजे काय, ते तारापूरला विचारा

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने त्या बांधल्या आणि त्यांना लागतं समृद्ध केलेलं युरेनियम. हे इंधन अमेरिका पुरवणार असा १९६३ चा करार होता. पण १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. भट्टी आपल्या जागी ठणठणीत, पण तिच्यात बसेल असं इंधन आपल्याकडे नाही! शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घ्यायचं ठरलं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तारापूरला तिसरी आणि चौथी भट्टी सुरू झाली, ती मात्र भारताने स्वतः बांधलेली आणि नैसर्गिक युरेनियमवर चालणारी.

पीसीतही हेच होतं. तुम्ही मदरबोर्ड निवडला की पुढे कोणता प्रोसेसर बसेल, कोणती रॅम चालेल, दोन वर्षांनी काय वाढवता येईल, हे त्याच दिवशी ठरून जातं. म्हणून पीसी घेताना "आज काय स्वस्त मिळतंय" याच्याआधी "याच्यात उद्या काय बसेल" हे विचारायचं.

पण वेगवेगळ्या कंपन्यांचे पार्ट जुळतातच कसे?

याचं श्रेय जातं आयबीएमला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. तो घाईत बनवायचा होता म्हणून त्यांनी बाजारात मिळणारेच पार्ट वापरले आणि आतली रचना पुस्तकात छापून मोकळे झाले. मग कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तसेच पीसी बनवले आणि पार्टचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवलं. मदरबोर्डचे स्क्रू कुठे येणार, एसएमपीएसची पिन कशी असणार, हे सगळं त्यात आलं. म्हणूनच आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो.

मुंबईत या बाजाराचा पत्ता म्हणजे लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून टॅक्सीवाल्याला विचारलंत तर तोच तुम्हाला विचारेल, "लॅमिंग्टन रोड का?" बोईसरहून हे अंतर साधारण १०० किलोमीटर. म्हणजे चुकीचा पार्ट आणला तर २०० किलोमीटरचा हेलपाटा. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाने यादी घरूनच पक्की करून निघायचं.

आधी काम ठरवा, मग पार्ट

"चांगला पीसी" असं काही नसतं. तुमच्या कामाला चांगला, एवढंच असतं.

ऑफिसचं काम, टॅली, ऑनलाइन क्लास, थोडं फोटो एडिटिंग एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. ज्यात ग्राफिक्स आतच आहे असा प्रोसेसर घ्या. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी मधला शेवटचा 'जी' तेच सांगतो. गेमिंग असेल तर सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डला. व्हिडिओ एडिटिंगला प्रोसेसर, रॅम आणि वेगवान एसएसडी तिन्ही हवं. ऑटोकॅडचं साधं टू-डी ड्रॉइंग करायचं असेल तर महागडं कार्ड पडून राहील, त्यापेक्षा वेगवान प्रोसेसर जास्त उपयोगी.

इथे एक नेहमीची फसगत. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं. असा प्रोसेसर घेतला आणि ग्राफिक्स कार्ड "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हटलं, तर पुढच्या महिन्यापर्यंत स्क्रीन काळीच राहणार.

जुळवाजुळव: या सहा गोष्टी तपासा

१. सॉकेट. प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो तो. एएमडीचे रायझन ५००० पर्यंतचे प्रोसेसर एएम४ मध्ये बसतात, ७००० पासूनचे एएम५ मध्ये. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीला एलजीए १७०० लागतं, तर २०२४ च्या शेवटी आलेल्या कोअर अल्ट्रा २०० ला एलजीए १८५१. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही म्हणजे नाही.

२. बायोस. सॉकेट तोच असला तरी जुन्या बोर्डला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. बी४५० बोर्डवर रायझन ५००० बसतो, पण बायोस जुना असेल तर पीसी सुरूच होणार नाही. बोर्ड घेताना दुकानातच विचारा, बायोस अपडेट करून देणार का. काही बोर्डवर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हने बायोस अपडेट करायचं बटण असतं, ते असेल तर उत्तम.

३. रॅम. माझ्या भावाची चूक इथली. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांनाही २८८ पिना असतात, लांबीही सारखीच, फक्त मधली खाच वेगळ्या जागी. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. पण इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालवतात, आणि कोणती चालणार हे बोर्ड ठरवतो. एच६१० नावाचा एक बोर्ड डीडीआर४ चा असतो, दुसरा डीडीआर५ चा. नुसतं "एच६१० घेतला" एवढं पुरेसं नाही, बॉक्सवर पूर्ण मॉडेल वाचा.

४. एसएसडी. बोर्डवर जी चपटी एसएसडी बसते तिचं माप बहुतेक वेळा २२८० असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. दिसायला सारख्या असल्या तरी त्यात दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. काही स्लॉट एकच जात चालवतात. वेग एनव्हीएमईचा कितीतरी जास्त.

५. कॅबिनेट आणि कूलर. मायक्रो-एटीएक्स बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलटं होत नाही. ग्राफिक्स कार्डची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, ती कॅबिनेटच्या मापाशी ताडून बघा. एएम४ चे बरेच कूलर एएम५ वर बसतात. पण इंटेलच्या जुन्या एलजीए १२०० चा कूलर १७०० वर थेट बसत नाही, कारण भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं. तीन मिलिमीटरसाठी वेगळा ब्रॅकेट आणावा लागतो!

६. विंडोज. सेकंडहँड पार्ट घेणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि साधारण इंटेलच्या ८ व्या पिढीपासून किंवा रायझन २००० पासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचा आय७ "एकदम स्वस्तात" मिळत असेल, तर तो स्वस्त का आहे ते आता कळलं असेल.

एसएमपीएस: लोक जिथे पैसे वाचवतात, तिथेच बुडतात

एसएमपीएस म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन पार्टना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारा डबा. तो स्पीड वाढवत नाही, लाइट लावून चमकत नाही, त्यामुळे बजेट संपत आलं की पहिली कात्री त्यालाच लागते. पण पीसीतला प्रत्येक पार्ट त्याला जोडलेला असतो. तो वाईट पद्धतीने गेला तर एकटा जात नाही.

किती वॅटचा घ्यायचा? हिशेब सोपा आहे. आय५-१२४००एफ जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० वॅट धरा. बेरीज साधारण २८० वॅट. थोडी मोकळीक ठेवून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. अनोळखी कंपनीच्या डब्यावर ७५० लिहिलं असेल तरी भुलू नका, लिहिलेले वॅट आणि खरोखर मिळणारे वॅट यांत फरक असू शकतो.

'८० प्लस' हा शिक्का काय सांगतो? घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज पार्टपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. ब्रॉन्झ, गोल्ड हे त्याच्या वरचे दर्जे. पण हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, सुरक्षेचा नाही. त्यामुळे जास्त व्होल्टेज, जास्त लोड आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे का, ते बॉक्सवर वेगळं बघा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. पार्टकडचं टोक सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. पिन बसते आणि हार्ड डिस्क जळते.

अर्थिंग, यूपीएस आणि त्या झिणझिण्या

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? बरेच जण हे "असंच असतं" म्हणून सोडून देतात. हे असंच नसतं. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कॅपॅसिटर असतात आणि ते थोडीशी वीज कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज बसून राहतं. करंट अगदी कमी असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात, पण याचा अर्थ स्पष्ट आहे: तुमच्या तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन नुसती शोभेची आहे.

भाड्याच्या खोलीत किंवा चाळीत राहत असाल तर पीसी आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ग्राफिक्स कार्डपेक्षा कितीतरी कमी खर्चाचं काम आहे. स्पाइक गार्डसुद्धा अर्थिंगशिवाय नीट काम करत नाही. आणि बाजारात स्पाइक गार्ड म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं लाल बटणांचा साधा एक्स्टेन्शन बोर्ड असतो, त्यात संरक्षण आहे असं लिहिलेलं असेल तरच घ्या.

यूपीएस हा आपल्याकडे शौक नाही, गरज आहे. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा नुकसान कमी होतं, ती परत येते तेव्हाच्या झटक्याने जास्त होतं. यूपीएसवर व्हीए लिहिलेलं असतं, ते म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ऑफिसच्या पीसीला तो भरपूर झाला. ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीला मॉनिटर धरून १००० व्हीए बघा. यूपीएसचं काम तासभर गेम खेळू देणं हे नाहीच. फाइल सेव्ह करून पीसी नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की त्याचे पैसे वसूल.

आता आपली हवा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात तारापूर देशात पहिलं आलं, गुण ९३.६९. हा पहिला नंबर कोणालाच नको असतो. पाम, कुंभवली, सालवड, पास्थळ या गावांना हे सांगायला आकडेवारीची गरज नाही, रात्री खिडकी उघडली की कळतं. त्यात समुद्र काही किलोमीटरवर, म्हणजे हवेत खार आणि पावसाळ्यात चार महिने दमट.

याचा पीसीशी काय संबंध? मदरबोर्डवर तांब्याच्या रेषा असतात, काही ठिकाणी चांदीचा मुलामाही असतो. गंधकयुक्त वायू आणि ओलावा एकत्र आले की तांब्या-चांदीवर काळा थर धरतो. घरातल्या चांदीच्या समईवर धरतो तसाच. समई पितांबरीने घासता येते, मदरबोर्ड घासता येत नाही. समुद्राच्या हवेतला खार हेच काम आणखी वेगाने करतो. २००६ पासून युरोपच्या नियमांमुळे इलेक्ट्रॉनिक्समधून शिसं काढलं गेलं. पर्यावरणासाठी ते चांगलंच झालं, पण शिशाच्या जागी आलेले काही मुलामे अशा हवेला जास्त नाजूक ठरले. मोठ्या डेटा सेंटरमध्ये तर तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर हवेत ठेवून त्यांवर किती थर चढला ते मोजतात आणि मग ठरवतात की ही खोली सर्व्हरला चालेल का.

आपण काय करायचं?

पीसी जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. खिडकीच्या तोंडाशी तर अजिबात नको. कॅबिनेट घेताना समोरच्या आणि खालच्या जाळीला काढून धुता येणारा फिल्टर आहे का बघा. हवा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे हवा फिल्टरमधूनच आत येते, फटींमधून धूळ ओढली जात नाही. धूळ एरवी फक्त गरमी वाढवते, पण दमट हवेत ती पाणी धरून ठेवते आणि थर चढायला जागा देते.

पावसाळ्यात गावाला जाणार असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. त्याच्या उबेनेच आतला ओलावा निघतो. बंद केल्याबरोबर गरम पीसीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, घाम आत अडकतो. आणि रॅम-स्लॉट वर्षातून दोनदा तरी उघडून बघा. हिरवट किंवा काळपट डाग दिसले तर दुर्लक्ष करू नका.

जोडताना

घाई नको. स्लॅबवर किंवा लाकडी टेबलावर बसा, सिंथेटिक चादरीवर नको, आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच बसवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि अलगद ठेवा, दाबू नका. इंटेल आणि एएम५ मध्ये नाजूक पिना बोर्डवर असतात, एक वाकली तरी बोर्ड गेला.

बोर्डखाली पितळी स्पेसर लावायला विसरू नका, नाहीतर बोर्डची मागची बाजू पत्र्याला टेकून शॉर्ट होईल. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डची आठ पिनांची वायर सारख्या दिसतात, पण वेगळ्या असतात. बसत नसेल तर ती वायर चुकीची आहे, तुमची ताकद कमी पडत नाहीये. आणि कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक काढा. हसू नका, हे विसरणारे खूप आहेत.

ट्यूनिंग म्हणजे फुकटातला वेग

पीसी सुरू झाला म्हणजे तो पूर्ण वेगाने चालतोय असं नाही. या गोष्टी एकदा करून घ्या.

दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, म्हणजे दोघी एकत्र काम करतात. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर याचा फरक डोळ्यांना दिसतो. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा. नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६ वरच रांगत राहते. मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, तो आपोआप होतोच असं नाही.

त्यानंतर पंख्यांचा वेग. बायोसमध्ये तापमानानुसार पंखा किती फिरावा ते ठरवता येतं. मे महिन्यात खोलीतच ३५ अंश असतं, तेव्हा युरोपातल्या माणसाचं सेटिंग उचलू नका. ओव्हरक्लॉकिंगच्या मागे लागण्यापेक्षा आपल्याकडे उलटं जास्त कामाचं: प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी करणं. वेग जवळपास तोच राहतो, गरमी आणि पंख्याचा आवाज कमी होतो. थोडंथोडं कमी करा आणि प्रत्येक वेळी तपासा.

बायोस अपडेटला "कशाला हात लावा" म्हणून टाळू नका. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर क्रॅश होऊ लागले. कारण निघालं गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण ती दुरुस्ती पोहोचते बायोस अपडेटमधूनच आणि आधी झालेलं नुकसान भरून निघत नाही. एएमडीच्या बाबतीतही २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जास्त व्होल्टेजने जळाले, तेव्हा मर्यादा १.३ व्होल्टवर आणली गेली. तीही बायोसमधूनच. फक्त अपडेट करताना पीसी यूपीएसवर असू द्या. मध्येच लाईट गेली तर बोर्ड वीट होऊन बसतो.

शेवटी परीक्षा. मेमटेस्ट८६ ने रात्रभर रॅम तपासा, सिनेबेंचसारखं काहीतरी अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोवर तापमान बघा. काही बिघाड असेल तर तो पहिल्याच आठवड्यात उघडा पडू दे, म्हणजे पार्ट बदलून मिळायला सोपं जातं.

रॅम एवढी महाग का झाली?

२०२५ च्या शेवटी ज्यांनी भाव विचारला त्यांना धक्का बसला असेल. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना अफाट मेमरी हवी आहे आणि तिथे नफा जास्त, त्यामुळे कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर आपला घरगुती ग्राहकांचा क्रूशल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

म्हणून घाईत ३२ जीबी घेण्यापेक्षा आज १६ वर भागतं का ते बघा. स्लॉट मोकळे ठेवा, भाव उतरल्यावर वाढवता येईल. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड हे नंतर वाढवता येणारे पार्ट. एसएमपीएस, बोर्ड आणि कॅबिनेट नंतर बदलायचे म्हणजे पीसी पूर्ण उघडायचा. पैसे कमी पडत असतील तर कात्री कुठे लावायची हे यावरूनच ठरतं.

खरेदीला निघताना

यादीत प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहा. शक्यतो बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकाच दुकानातून घ्या आणि तिथेच जोडून स्क्रीनवर दाखवायला सांगा. अर्धा तास जास्त जाईल, पण २०० किलोमीटर वाचतील. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. "बिलाशिवाय १८ टक्के वाचतील" हे ऐकायला गोड असतं, पण बिल नाही म्हणजे उद्या वॉरंटी मागायला तुमच्या हातात काही नाही. वॉरंटी दुकान देणार की कंपनी, आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, तेही तिथेच विचारा.

माझ्या भावाने त्या जूननंतर पुन्हा पैसे जमवले. या वेळी उलट्या क्रमाने. आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेतलं, मग यूपीएस, मग चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आणि फिल्टरवालं कॅबिनेट. बोर्ड गेला होता, पण प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी वाचले होते, तेच नव्या बोर्डवर बसवले. ग्राफिक्स कार्डसाठी त्याला दिवाळीपर्यंत थांबावं लागलं आणि तोवर मित्राचं जुनं छोटं कार्ड लावून त्याने एडिटिंग केलं, वेळ लागायचा, पण काम व्हायचं.

मध्ये एकदा रात्री जोराचा पाऊस सुरू होता, लाईट गेली म्हणून मी काळजीने त्याला फोन केला. मागे यूपीएसचा टीं-टीं आवाज येत होता. म्हणाला, "ताई, सेव्ह करतोय, दोन मिनिटांत करतो फोन."